पट्टी खाली घेतलेलं गाणं

चमचा कपाच्या काठावर टणटणला.

मी बाबांच्या खोलीत त्यांच्या पुस्तकाची मुद्रितं चाळत होते. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. आणि माझी लेक, जिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणतात, जमिनीवर पालथी पडून आपल्या प्लास्टिकच्या बदकाला खडूनं चष्मा काढत होती. बाबा कधी हाक मारत नाहीत. चहा संपला की चमचा वाजवतात, खिडकी लावायची असली की चमचा, मी वाचताना अडखळले की चमचा. आई होती तेव्हाही हेच होतं. फरक एवढाच, की आई पहिल्या ठोक्याला उठायची आणि मी हातातलं वाक्य पुरं करून उठते.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय. स्वल्पविरामापर्यंत पोचू द्या."

"स्वल्पविराम कुठे पळून जात नाही. खिडकी लाव. पोरीला वारं लागेल."

पोरीची काळजी नव्हती, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न नको होते. मी खिडकी लावली. खोलीत लगेच जुन्या पुठ्ठ्यांचा वास साचला. चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर तबकड्या आणि कॅसेटी, प्रत्येकीच्या पाठीवर बाबांच्या बारीक अक्षरातली पट्टी. लहानपणी माझे मित्रमैत्रिणी घरी येत तेव्हा दारातूनच बघून जात. इथे कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना सांगावं लागायचं नाही. खोलीच सांगायची.

बाबा गाण्यांचा इतिहास लिहितात. मोठ्या गवयांचा नव्हे. रेडिओवर लागणारी, हॉटेलातल्या वाद्यवृंदांनी वाजवलेली, रिक्षावाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे आंघोळ करताना गुणगुणतात ती गाणी. असल्या गाण्यांवर कुणी गंभीरपणे लिहावं, हे बाबांच्या आधी कुणाला सुचलं नव्हतं. वर्तमानपत्रातल्या सदरापासून सुरुवात झाली, मग पुस्तक आलं, मग व्याख्यानं, शाली, मानपत्रं. आता डोळ्यांपुढे धुकं आलंय आणि पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. म्हणून शाळा सुटली की भिंगरीला घेऊन मी इथे येते आणि मुद्रितं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. लोक म्हणतात, लेक असावी तर अशी.

लेक कशासाठी येते हे लोकांना माहीत नव्हतं. मी हे काम अंगावर घेतलं ते एका पानासाठी. ते पान नव्या आवृत्तीतून गळावं, एवढंच मला हवं होतं. आणि त्या दिवशी ते पान माझ्या हातात आलं.

"थांबलीस का?" बाबा म्हणाले.

"पुढचं प्रकरण तुम्हाला पाठ आहे. ते सोडून पुढे जाऊ."

"पाठ आहे म्हणून तर चुका कळतील. वाच."

मी वाचलं. दुसरं करणार काय. "'बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलं ध्वनिमुद्रण. संगीतकारानं पट्टी खाली घेतली आहे, लय सैल सोडली आहे, गायिकेला देता येईल तेवढी सवलत दिली आहे. तरीही आवाज उठत नाही. तो ओल्या चादरीसारखा दोरीवर लोंबत राहतो. आईपण मिळालं, सूर गेला. ही गायिका माझी पत्नी आहे. म्हणूनच हे मी लिहिलं पाहिजे.'"

"'सूर गेला'नंतर पूर्णविराम आहे ना?"

"आहे."

"गेल्या आवृत्तीत गाढवांनी स्वल्पविराम घातला होता."

ही होती बाबांची चिंता. या लेखानं त्यांना नाव दिलं. हा माणूस बायकोलाही सोडत नाही, असं लोक कौतुकानं म्हणू लागले आणि मग त्यांनी ज्याला चांगलं म्हटलं ते चांगलं ठरलं, ज्याला वाईट म्हटलं ते संपलं. संपणाऱ्यांत पहिली आई. कॅसेट कंपनीनं तिचं ते गाणं बाजारात आणलंच नाही. पुढे तिला बोलावणं आलं नाही, आणि संगीतकार वर्षभरात परदेशी निघून गेला. ज्या बाळंतपणानं तिचा सूर नेला, त्यात जन्मलेलं बाळ म्हणजे मी. मावशी मला मांडीवर घेऊन गालगुच्चा घ्यायची आणि म्हणायची, "हीच ती, आईचा आवाज गिळून बसलेली." सगळे हसायचे. मीही हसायचे. मला वाटायचं, शोधला तर माझ्या पोटात कुठेतरी तो सापडेल.

आई घरात कधीच गायली नाही. मला झोपवतानासुद्धा ती नुसती थोपटायची. तिच्या तळव्यात ठेका असायचा, पण वर गाणं नसायचं.

"हा लेख वगळता येईल," मी म्हटलं. "पुस्तक तसंही जाडजूड झालंय."

बाबांनी डोळे उघडले. त्यांना मी नीट दिसत नाही, पण रोख बरोबर धरतात. "पायाचा दगड काढून इमारत हलकी करतेस?"

"आई गेली आता. कुणाला सोडायचं, कुणाला नाही, हा प्रश्न उरला कुठे?"

"ती होती तेव्हा तिनं कधी तक्रार केली नाही. तुला कुणी वकीलपत्र दिलं?"

"आजोबा," भिंगरी खालून म्हणाली, "तुम्ही आईवर ओरडताय का?"

"तुझी आई माझ्यावर ओरडते आहे. तोंड मिटून."

भिंगरीनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि पुन्हा बदकाकडे वळली.

प्रकाशन संस्थेतली संपादिका वयानं लहान आहे, मला ताई म्हणते. नव्या आवृत्तीत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापायचा, त्यावर फोन धरला की ते गाणं ऐकू यायचं, ही तिची कल्पना. बाबांनी आधी नाक मुरडलं, मग आपल्याकडच्या कॅसेटी द्यायला तयार झाले. आईच्या त्या गाण्याची जगात एकच प्रत होती, ती बाबांकडे. कंपनीनं परीक्षणासाठी दिलेला नमुना परत करावा लागे, म्हणून त्यांनी तो आधी उतरवून घेतला होता. ही त्यांची जुनी शिस्त. हातात आलेली वस्तू एकदाच वाजवायची, तेवढ्यात तिची नक्कल करायची, आणि पुढचं सगळं ऐकणं, लिहिणं त्या नकलेवरून. मूळ झिजता कामा नये. व्याख्यानांत ते तीच नक्कल वाजवत. आधी आईचं लग्नाआधीचं एखादं गाणं, मग हे. "फरक ऐका," म्हणत. एकदा आई पहिल्या रांगेत बसली होती. मी शेजारी. ते गाणं वाजेपर्यंत ती पर्सचं बक्कल उघडत होती आणि मिटत होती. मी तिचा हात धरला, तर बक्कल माझ्या हाताखालीही चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी घरी भांडी घासत होते तेव्हा संपादिकेचा निरोप आला. ताई, गंमत झाली, कंपनीच्या गोदामात मूळ टेप सापडली, त्यांनी ती साफ करून पाठवली आहे, कॅसेटीची गरजच नाही. खाली गाणं जोडलेलं. मी ओल्या बोटानं ते सुरू केलं आणि फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवला.

आधी मला वाटलं, तिनं चुकून दुसरंच गाणं पाठवलं. शब्द तेच होते, नदीकाठच्या दिव्यांबद्दलचं साधंसं गाणं. पण ते चाललं होतं भरभर, हलकं, पायऱ्या दोन दोन करून उतरल्यासारखं. आवाज वर होता आणि वर असूनही त्याला काही कष्ट पडत नव्हते. भिंगरी बाहेरच्या खोलीतून आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि नाचायला लागली. या गाण्यावर कुणी नाचू शकेल, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

"कोण म्हणतंय?"

"आजी."

"आपली आजी? फोटोतली?"

"हो."

"मग ती फोटोत एवढी गप्प का आहे?" असं म्हणून ती पुन्हा गोल फिरायला लागली.

मी हात पुसून संपादिकेला फोन लावला. "हे पळवलंय का तुम्ही? म्हणजे वेग वाढवलाय का?"

"नाही हो ताई. टेपवर आहे तसंच आहे. उलट शेवटी थोडं बोलणंही राहिलंय. ते कापू ना?"

"कसलं बोलणं?"

"पूर्ण ऐकलं नाहीत वाटतं."

मी पूर्ण ऐकलं. वाद्यं थांबतात, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, लांबून एक पुरुष काहीतरी म्हणतो, आणि मग आई. गाणारी नव्हे, आमची आई. "झालं ना? मग मी पळते हं. बाळ उठलं असेल, आणि ते दोघं एकमेकांकडे टकमक बघत बसले असतील." मग ती हसते. तिच्या हसण्यावर टेप संपते.

मी ते परत ऐकलं. मग परत. भांड्यांवरचा साबण वाळून गेला.

बोलणारा आवाज खोटा असू शकत नाही. आईचं बोलणं मी जन्मभर ऐकलं. दुधावर लक्ष ठेव म्हणताना, फोनवर मावशीला हळूच काही सांगताना, दवाखान्यातल्या खाटेवर मला, तू घरी जा, पोर एकटी आहे, म्हणताना. ते बोलणं बरोबर होतं, तिच्या उंचीचं, तिच्या वेगाचं. म्हणजे त्याआधीचं गाणंही बरोबर होतं. मग बाबांच्या नकलेवर ओल्या चादरीसारखं लोंबणारं ते काय होतं?

याचं उत्तर मला बदकानं दिलं. संध्याकाळी भिंगरीनं त्याचं पोट दाबलं. ते बदक एरवी चुरूचुरू गातं. त्या दिवशी त्यानं जाड, घोगरा, झोपेतला सूर काढला आणि एकेक शब्द ओढत ओढत गाडी पुढे नेली.

"बदक म्हातारं झालं," भिंगरी गंभीरपणे म्हणाली. "सेल घाल."

मी सेल घातले. बदक पुन्हा तरुण झालं. मी मात्र तिथेच जमिनीवर बसून राहिले. भिंगरीनं माझंही पोट दाबून बघितलं.

नवरा ऐकून म्हणाला, "नजर गेलेल्या माणसाशी आता काय भांडायचं?"

"नजर गेली आहे," मी म्हटलं. "कान शाबूत आहेत."

पुढच्या खेपेला मी मुद्रितांची पिशवी उघडलीच नाही. भिंगरीला आतल्या खोलीत कागद आणि खडू देऊन बसवलं आणि बाबांसमोर खुर्ची ओढली. फोन टेबलावर ठेवला. गाणं लावलं.

दोन ओळी होईपर्यंत ते ऐकत राहिले. मग चमचा वाजला. मी गाणं बंद केलं नाही. चमचा पुन्हा वाजला, जोरात.

"बंद कर ते. वेग चुकलाय. हल्लीच्या पोरांना टेप कशी लावायची कळत नाही. उंदीर गातोय असं वाटतंय."

"उंदीर नाही, आई आहे. कंपनीच्या मूळ टेपवरून आहे. तुमची नक्कल संथ आहे, बाबा."

"माझी नक्कल संथ." ते हसले. "या विषयावर जन्म घालवला मी. तू काय घालवलंस? भांडी घासता घासता संशोधन केलंस?"

"हो. भांडी घासतानाच ऐकलं."

"संगीतकारानं पट्टी खाली घेतली होती. हे सर्वमान्य आहे."

"सर्वांना तुम्हीच सांगितलंत. संगीतकारानं कधी सांगितलं?"

"लय बघ किती घायकुतीला आली आहे. हे गाणं असं असूच शकत नाही."

"मग शेवटपर्यंत ऐका."

"मला गरज नाही."

"चमचा खाली ठेवा आणि ऐका."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते ऐकत राहिले, बहुधा नवल वाटून. गाणं संपलं. खुर्ची सरकली. आणि आई म्हणाली, झालं ना, मग मी पळते हं. बाळ उठलं असेल, आणि ते दोघं एकमेकांकडे टकमक बघत बसले असतील. आणि हसली.

बाबांचा चेहरा मी निरखून बघत होते. मला त्यावर धक्का हवा होता. खरं सांगायचं तर मला ते कोसळलेले बघायचे होते. पण ते नुसते मान खाली घालून कपात बघत राहिले. कप रिकामा होता.

मग म्हणाले, "स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरचे सेल सारखे उतरायचे. ती वेळेवर बदलायची नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. मी सेलचं नाव काढलं नव्हतं. बदकाची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरबद्दल तर मलाच काही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. नक्कल करायची तर दोन यंत्रं लागतात. मोठ्यावर उतरवायचं, छोट्यावर वाजवायचं. छोटं तिचं होतं, ती स्वयंपाक करताना ऐकायची. त्याची वायर जळली होती. सेलवर चालायचं."

"तुम्हाला हे माहीत होतं."

"शंका होती."

"कधीपासून?"

"लेख आल्यावर केव्हातरी. तिनं नवे सेल घातले आणि दुसरं काही लावलं, तेव्हा ते उडत चालल्यासारखं वाटलं. शंका आली. शंकेवर कुणी छापलेला लेख मागे घेत नाही. नमुना कंपनीला परत गेला होता, पडताळायचं कशावर?"

"कंपनीत जाऊन मूळ टेप ऐकायची."

"आणि सांगायचं काय? मी बायकोच्या गाण्याबद्दल लिहिलं ते मागे घेतो? लोक काय म्हणाले असते? घरी लाटणं बसलं म्हणाले असते. हसले असते माझ्यावर. पुन्हा कुणी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता?"

"तिच्या आवाजावर नाही ठेवला तर चालणार होतं."

"ती गात राहू शकली असती. मी काय तिच्या तोंडाला कुलूप घातलं होतं?"

"तुम्ही बाहेरून कडी लावलीत आणि म्हणताय, कुलूप नव्हतं."

"वाक्यं चांगली करतेस. माझ्याकडूनच उचललेली."

"आणि मला काय वाटत होतं, त्याचं काय?" माझा आवाज चढला आणि मी तो मुद्दाम खाली आणला, आत भिंगरी होती. "मावशी म्हणायची, हिनं आईचा आवाज गिळला. तुम्ही समोर बसून हसत होतात. तुम्हाला शंका होती आणि तुम्ही हसत होतात."

"मावशीच्या थट्टेवर जगत होतीस का तू?"

"हो. जगतच होते."

खालून कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, घरघरून बंद पडत होती. मी वाट बघितली. मोठं काही नको होतं मला. पानाखाली एक ओळ. हे परीक्षण संथ वेगाच्या नकलेवरून लिहिलं होतं, गायिकेचा सूर उतरला नव्हता. एवढंच. मी ती ओळ त्यांना म्हणूनही दाखवली.

"नाही," बाबा म्हणाले.

"पान काढा मग."

"तेही नाही. तो लेख अभ्यासक्रमात आहे. लोक माझ्याकडे येतात ते त्या लेखामुळे. माझ्यामागे तो राहणार आहे, आणि तू त्याला तळटीप लावणार? एक अक्षर बदलायचं नाही. एक स्वल्पविराम नाही."

"ठीक आहे. नाही बदलत."

त्यांना इतक्या लवकर होकार अपेक्षित नव्हता. धुक्यातून मला शोधत त्यांनी मान वर केली. "मग?"

"लेख जसाच्या तसा. 'सूर गेला'नंतर पूर्णविराम. मी स्वतः बघेन. आणि त्याच्या खाली तो ठिपक्यांचा चौकोन. त्यात हे गाणं. कंपनीचं. शेवटचं बोलणं न कापता."

"माझी नक्कल लावायची असं ठरलं आहे."

"संपादिकेनं मला विचारलं होतं, बोलणं कापू का. नको म्हणून सांगणार आहे. तुम्हाला तिच्याशी बोलायचं असलं तर बोला. फक्त कारण काय द्याल, तेवढं ठरवून ठेवा."

माणूस लेख वाचेल, ओली चादर वाचेल, मग फोन धरेल. पुढे त्याचे कान आहेत आणि तो आहे. हे मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या सुचलं. आधीपासून ठरवलेलं काही नव्हतं. पण बोलून झाल्यावर वाटलं, आई गेल्यापासून मी याच्यापाशीच येत होते.

बाबांचा हात चमच्याकडे गेला. वाजवायचा होता की नुसता धरायचा होता, ते कळलं नाही. "तुझ्या आईनं मला असं कधी उघडं पाडलं नाही," ते म्हणाले.

"नाही पाडलं. म्हणून तर तुम्ही इतके झाकलेले राहिलात."

"ऊठ. पिशवी घे. पुन्हा यायची गरज नाही. वाचून दाखवायला दुसरं कुणी मिळेल."

"मिळेल."

"आणि पोरीला माझ्याविरुद्ध शिकवू नकोस."

"तिला अजून बदकाचा चष्मा जमत नाही. तुम्ही तर फार कठीण आहात."

मी उठले. कप उचलला, आत नेऊन धुतला. चमचा धुतला, पुसला आणि ओट्यावर नेहमीच्या जागी न ठेवता खणात टाकला, सुऱ्यांच्या खाली. क्षुद्रपणा होता तो. पण केला, आणि बरं वाटलं. त्या ओट्याशी उभं राहिलं की समोर भिंत येते आणि भिंतीपलीकडे बाबांची खोली. लहानपणी मी इथे आईच्या पायाशी बसायचे तेव्हा पलीकडचं सगळं स्पष्ट ऐकू यायचं. बाबांचं खोकणं, पान उलटणं, तबकडीवर सुई टेकल्याची खरखर. आता पलीकडून काही येत नव्हतं.

भिंगरीला बूट घालताना तिनं दारातून वाकून विचारलं, "आजोबा, उद्या येऊ ना आम्ही?"

बाबांचं तोंड खिडकीकडेच राहिलं.

"झोपले," भिंगरी मला म्हणाली. ती फार समजूतदार आहे कधी कधी.

जिना उतरून आम्ही रस्त्याला लागलो. औषधांच्या दुकानाबाहेर बाकडं होतं, तिथे आम्ही बसलो. मी संपादिकेला निरोप पाठवला. बोलणं कापू नका, सगळं तसंच राहू द्या. तिचा लगेच उलट निरोप आला, बरं झालं ताई, मला ते फारच आवडलं होतं. आणि मला रडू फुटलं. भिंगरीनं आपल्या बाहीनं माझं नाक पुसलं. बाहीला खडू होता. शेजारून जाणारी बाई माझ्याकडे बघून हसली, म्हणजे माझ्या तोंडावर काहीतरी रंग उमटला असणार.

"आजीचं गाणं लाव."

मी लावलं. ती माझ्या मांडीत शिरली, बदक तिच्या मांडीत. गाण्याबरोबर पाय हलवत ऐकत राहिली. शेवटी आई हसली तेव्हा तीही हसली.

"ते दोघं म्हणजे कोण?"

"मी आणि आजोबा. मी बाळ होते तेव्हा."

"तुम्ही एकमेकांकडे बघत बसायचा?"

"आजी म्हणते, तर बसत असू."

तिनं यावर थोडा विचार केला. समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्ध्यावर ओढलं. मी तिला सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, कारण उद्या ती पुन्हा आजोबांकडे जायचं म्हणणार होती आणि कुठूनतरी सुरुवात करायला हवी होती. म्हटलं, आजोबांनी आजीचं गाणं एका टेपरेकॉर्डरवर वाजवलं, त्याचे सेल संपत आले होते, म्हणून ते म्हाताऱ्या बदकासारखं झालं. आणि आजोबांना वाटलं, आजीच तसं गाते.

"मग सेल घालायचे ना."

"हो. घालायला हवे होते."

"आजी तेव्हा बाहेर गेली होती?"

"नाही. घरातच होती. स्वयंपाकघरात."

"आपण आत्ता कप धुतला तिथे?"

"तिथेच."

भिंगरीनं बदकाचं पोट दाबलं, त्याला दोन ओळी गाऊ दिल्या, मग तळव्यानं त्याचं तोंड झाकलं आणि माझ्याकडे वर बघितलं.

"मग आजीला ऐकू येत नव्हतं का?"